अण्णांचे मिलिग्रॅम

दारू पिऊन गाडी चालवली म्हणून लायसन गेलेला माणूस तुमच्याही सोसायटीत असेलच. नसला तर एवढी गटारी जाऊ द्या, नाहीतर थर्टीफर्स्ट, मिळेल. ओळखायला अगदी सोपा. गाडी पार्किंगमध्ये धुऊनपुसून चकचकीत उभी, मालक गेटबाहेर रिक्षाला हात करतोय आणि त्याच हातात गाडीची किल्ली. आमचे अण्णा ती किल्ली बोटावर फिरवत पीएमपीच्या बसमध्येसुद्धा चढायचे. कंडक्टरने एकदा सहज विचारलं, "काका, गाडी बिघडली का?" झालं! कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत अण्णांनी त्याला केस सांगितली आणि तेवढ्या वेळात निम्मी बस फुकट गेली.

केस साधी आहे. २०२४ ची गटारी. सिंहगडाच्या पायथ्याला मित्राच्या फार्महाउसवर अण्णा 'बसायला' गेले होते. परतताना नाकाबंदी लागली. हवालदाराने मशीन पुढे केलं, "फुंका" म्हणाला, अण्णांनी फुंकलं. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. अण्णांचे निघाले ४७.

म्हणजे कंडक्टरला सांगितले ते ४७. मला आदल्या आठवड्यात ५४ सांगितले होते आणि इस्त्रीवाल्याला अगदी दुसऱ्याच दिवशी, अजून सावरले नव्हते तेव्हा, ६०. आकडा खाली येतोय हे पहिल्यांदा इस्त्रीवाल्याच्याच लक्षात आलं. शर्टाच्या कॉलरवर पाणी मारता मारता तो म्हणाला, "साहेब, अण्णांची अजून उतरतीये."

त्यात खोकल्याचं औषध आलं, होमिओपॅथीच्या गोळ्या आल्या, आदल्या रात्रीचं लोणचंही आलं. ते सोडून देऊ. या जमातीतला प्रत्येक जण ते सांगतोच. अण्णांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या पाकिटात दोन परवाने असत. एक गाडी चालवायचा, दुसरा दारू पिण्याचा. महाराष्ट्रात पिण्यालाही परवाना लागतो हे आपल्यापैकी बहुतेकांना बाटली घेतानासुद्धा आठवत नाही, पण अण्णा कायद्याचे पक्के. त्यांनी तो रीतसर काढलेला, तोही आजीव. "एक परवाना जन्मभराचा देतात आणि तो वापरला म्हणून दुसरा काढून घेतात!" हे वाक्य त्यांनी लग्नाच्या पंगतीत म्हटलं, बाराव्याला म्हटलं, आणि कोर्टातही म्हणणार होते, वकिलाने कोट ओढून खाली बसवलं. कलम १८५. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन किमान सहा महिने बंद. अण्णांचं दहा हजारांवर भागलं. त्या सगळ्या प्रकरणात त्यांना आवडलेले शब्द दोनच, 'पहिला गुन्हा'. ते ते एखाद्या पदवीसारखे लावत.

मग अण्णा दुसऱ्यांच्या गाड्यांत बसू लागले. ज्यांनी त्यांना नेलं आहे त्यांनाच त्यातलं दुःख कळेल. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्यांचा उजवा पाय सतत ब्रेक मारायचा. "क्लच सोड… अरे सोड… आता घे!" पौड फाट्याच्या सिग्नलला माझ्या गाडीतलं पायपुसणं त्यांनी डॅशबोर्डखाली पार गोळा करून टाकलं. शेवटी बिनलायसनची चालते म्हणून पंचवीसच्या आतच पळणारी बॅटरीची स्कूटर घेतली. ती वनाजच्या पुढच्या चढाला लागली की मागून चालत येणारे लोक "काका, ढकलू का?" म्हणून विचारत. स्कूटर आठवड्याभरात भाच्याला गेली.

दसऱ्यापर्यंत आकडा ४१ वर आला होता. त्या सुमारास अण्णांनी एक विनोद केला. आदल्या मे महिन्यात, १९ तारखेला, कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं होतं, आणि मुलाच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप झाला, पुण्यात नाकाबंद्या वाढल्या. गच्चीवर कोजागरीचं दूध आटत होतं तेव्हा अण्णा म्हणाले, "त्याला निबंध आणि मला दहा हजार! मी तर चारशे शब्दांचा लिहिला असता, शुद्धलेखनासकट!" हसू फुटलं. अण्णांची मुलगी पातेल्यात डाव फिरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी खराडीहून रात्री दीडला निघते. स्कूटरवर."

पुढचा महिनाभर आकडा ४१ वरून हलला नाही.

संक्रांतीला मात्र पुन्हा सुरुवात झाली. माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता अण्णांनी एक तीळ नखावर घेतला. "बघ. हा तीन मिलिग्रॅम भरतो. एवढ्यासाठी माझं लायसन नेलं." म्हणजे ३३. तळमजल्यावरचे केमिस्ट तिथेच होते. ते म्हणाले, "अण्णा, पण ते शंभर मिलिलिटरला. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर असतं." तेव्हापासून अण्णा क्रोसिनसुद्धा लांबच्या दुकानातून आणतात.

हे सगळं खरं असलं तरी एक सांगायला हवं. सोसायटीत रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखलं की पहिली बेल अण्णांची वाजते. वर्षानुवर्षं. कितीतरी पेशंट त्यांनी हॉस्पिटलात पोहोचवले, दोन बाळंतिणीही; पेट्रोलचे पैसे कोणी देऊ केले तर शिव्या घातल्या. एक परकर रक्ताने भिजला होता तर त्या सीटचं कव्हर स्वतः धुतलं, वहिनींना कळूही दिलं नाही. जानेवारीच्या थंडीत सी विंगमधल्या आजी बाथरूममध्ये पडल्या तेव्हाही सवयीने बेल अण्णांचीच वाजली. अण्णा बनियनवर, पायजम्याची नाडी बांधत, किल्ली घेऊन जिना उतरले आणि गाडीचं दार उघडून तसेच उभे राहिले. मग किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराकडे दिली आणि मागे बसून आजींचं डोकं मांडीवर घेतलं. पोराने गिअर दोनदा कुरकुरवला, एकदा गाडी बंद पाडली. अण्णांनी ना ब्रेक मारला, ना तोंडातून शब्द काढला.

आजी वाचल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्याकडे बसल्या होत्या. म्हणाल्या, "काल रात्री त्यांनी दोन घेतले होते. लायसन असतं तर तेच घेऊन गेले असते." आजवरच्या सगळ्या रात्रींत गाडीत बसताना सोसायटीतल्या एकानेही अण्णांना कधी फुंकायला सांगितलं नव्हतं.

सहा महिने भरले. लायसन परत मिळायच्या आधी उजळणीचं प्रशिक्षण करावं लागतं. अण्णा वही-पेन घेऊन गेले. पहिल्या बाकावर बसले, चिन्हं घोकली, आणि मास्तरांना मशीन कितीने चुकतं तेही विचारलं. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर प्रत्येकाने आपापली केस सांगितली. अख्ख्या वर्गात पस्तिसच्या वरचा एकही नव्हता! अण्णा खूश होऊन घरी आले. म्हणाले, चांगली माणसं आहेत.

लायसन आलं त्या दिवशी पार्किंगमध्ये पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवून त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "अरे, खरं म्हणजे २८ होते." म्हणजे अण्णा आता कायद्याच्या आत आले. मशीनमधून निघालेली मूळ स्लिप वहिनींनी तांदळाच्या डब्याखाली जपून ठेवली आहे. शाई फिकट झाली आहे, पण आकडा वाचता येतो. ११२.

मात्र 'बसायचं' असेल तेव्हा अण्णा किल्ली वहिनींकडे देतात आणि रिक्षाने जातात. येतानाही रिक्षानेच, दीडपट भाडं देऊन, कुरकुरत. कधी शेअर रिक्षात तुमच्या शेजारी बसले आणि २६ सांगू लागले, तर निमूट ऐकून घ्या. हिशेब विचारू नका. मागच्या सीटवर बसलेत ना, बास.