टक्केवाले तात्या

काही माणसं वस्तू विकत घेतात, काही माणसं वस्तू निवडतात. दुसऱ्या जातीच्या माणसाबरोबर बाजारात जायचं असेल तर घरून जेवून निघावं.

आमचे तात्या या जातीचे मेरुमणी. आईचे चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं मामा. पण अख्खा मावळ त्यांना तात्या म्हणतो म्हणून आम्हीही तात्याच म्हणतो. उभी हयात वीज मंडळात मीटर वाचण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तळेगावच्या पुढे वडिलोपार्जित जमिनीत दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस उभारलं. लाल माती आली, भाताचं तूस आलं, शेणखत आलं, बेड पडले, जरबेरा लागला. हे सगळं चार महिन्यांत झालं. मग आत लावायचं शेडनेट घ्यायची वेळ आली आणि घड्याळ बंद पडलं.

तुमच्या-माझ्यासारखा माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "पन्नास टक्क्यांचं पांढरं द्या." ३५, ५०, ७५, ९० असे ठरलेले टक्के बाजारात मिळतात, आकडा म्हणजे अडवलेलं ऊन. इतकं साधं आहे. पण तात्यांच्या गावातच एकानं उलटं धरून ७५ टक्क्यांचं नेट आणलं, पाऊण ऊन आत येईल या समजुतीनं. पाऊण ऊन बाहेर राहिलं. ढोबळी मिरची काठीसारखी उंच झाली आणि फळ धरायचं विसरली. या प्रसंगापासून तात्यांचा जगावरचा विश्वास उडाला. "आकडा छापणाऱ्याला हात कुणी धरलाय?" हे त्यांचं वाक्य. दुसरं वाक्य, कुणी घाई केली की ठरलेलं: "ऊन काय पळून जातंय?"

मार्केट यार्डाच्या आसपासच्या दुकानांत त्यांच्याबरोबर जाण्याचा योग मला आला. तात्या खुर्चीत बसत नाहीत, चहाला हात लावत नाहीत. आधी तुकडा. तुकडा हातात आला की तो दोन्ही अंगठ्यांनी ताणायचा, डोळ्यांसमोर धरून त्यातून सूर्याकडे बघायचं, मग धागा नखावर घासायचा. गोल धागा असेल तर "मोनो", चपटी पट्टी असेल तर "टेप", एक आडवा एक उभा असेल तर "सरमिसळ". मग फोन बाहेर येतो. फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप आहे. रस्त्यावर उन्हात फोन धरला, आकडा आला नव्वद हजार. फोनवर कापड धरलं, आकडा आला बावन्न हजार. तात्यांनी मनातल्या मनात भागाकार केला (मीटर रीडिंगवाल्याला कागद लागत नाही) आणि निकाल दिला, "बेचाळीस टक्के. आणि तुम्ही पन्नासचे पैसे घेताय."

दुकानदार थंड माणूस होता. म्हणाला, "काका, तुमचा फोन जुना झालाय."

आम्ही तीन दुकानं फिरलो, फोनचा विषय तिन्हीकडे निघाला.

तुकड्याची शेवटची परीक्षा घरी होते. एक धागा उपसायचा, काडी ओढून पेटवायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. जळालेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर माल चांगल्या पॉलीथिनचा. नाक चुरचुरलं तर त्यात भलतंसलतं मिसळलेलं आहे. ही परीक्षा तात्या देवघरासमोर घेत, कारण काडेपेटी तिथे असते. संध्याकाळी घरात शिरणाऱ्याला आधी उदबत्तीचा आणि मग प्लॅस्टिकचा वास यायचा.

गच्चीवर तर प्रयोगशाळाच आहे. कपड्यांच्या दोरीवर हातरुमालाएवढे तुकडे ओळीनं लटकतात. प्रत्येकाला मीटरच्या सीलची जुनी तार गुंडाळलेली, तिला पत्र्याची चकती, चकतीवर खिळ्यानं कोरलेली तारीख आणि दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर. दोन उन्हाळे तुकडा तिथं राहतो. मग तात्या तो ओढून बघतात. यूव्हीचं औषध नीट घातलेलं नसेल तर धागा हातात पापडासारखा मोडतो. असा मोडला की तात्यांना जो आनंद होतो तो जरबेराला भाव आल्यावरही होत नाही. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथून ते नवे तुकडे पिशवी भरून आणतात. लोक ट्रॅक्टर बघायला जातात, ड्रोन बघायला जातात. तात्या प्रत्येक स्टॉलवर वीतभर जाळी मागत फिरतात.

मामीनं या तुकड्यांची सोय लावून टाकली आहे. कुरडया वाळत घातल्या की वर तुकडा, कावळे येत नाहीत. जाड धाग्याचा तुकडा कढई घासायला उत्तम. सगळा उन्हाळा चाललेली तात्यांची चर्चा ऐकून एकदा त्या म्हणाल्या, "एवढं कसलं डोकं चालवायचं? पन्नासची दोन आणा, एकावर एक टाका. शंभर होतील."

तात्या उत्साहानं उठून बसले. "अगं, तसं नसतं ते. पहिलं अर्धं ऊन अडवतं. जे अर्धं उरलं, त्याचं अर्धं दुसरं अडवतं. पंच्याहत्तर होतात."

"म्हणजे तुमच्यासारखंच," मामी म्हणाल्या. "मी सांगते त्यातलं अर्धं ऐकता, आणि ऐकलं त्यातलं अर्धं करता."

तात्यांनी हिशेब तपासला. बरोबर निघाला.

रंगावरून गावाशी जुनं वैर आहे. आपल्याकडे शेडनेट म्हटलं की हिरवं. पार्किंग हिरवं, रोपवाटिका हिरवी, बांधकामाची इमारत हिरव्या बुरख्यात. तात्यांचं म्हणणं असं की पान हिरवं दिसतं कारण हिरवा उजेड ते बऱ्यापैकी परत फेकतं. त्याला काम असतं तांबड्या आणि निळ्या उजेडाशी. हिरवं नेट नेमका तोच उजेड जास्त अडवतं. काळं नेट सगळे रंग सारखे कापतं, पण स्वतः तापतं. पांढरं उजेड पसरवतं, त्यामुळे खालच्या पानालाही मिळतो. चंदेरी सगळ्यात गुणी, पण त्याचा भाव ऐकून तात्याही गप्प होतात. हे व्याख्यान पारावर झालं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "आमच्या बापानं हिरवंच लावलं." यावर तात्यांकडे मीटर नाही.

हा माणूस शेतापुरता राहिला असता तर चाललं असतं. पण आता जिथे जिथे कापड आणि ऊन एकत्र येतं तिथे तात्या थांबतात. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मान वर केली ती खाली आणलीच नाही. तांदूळ टाकायची वेळ झाली तशी मला म्हणाले, "वर टेपचं मारलंय. वारा अडणार. पंगतीला घाम फुटेल बघ." पंगतीला घाम फुटला. मुलीकडच्यांना दोन दिवस वाटत होतं की तात्यांना जेवण आवडलं नाही.

त्याहून मोठा घोळ झाला तो शाळेच्या आवारात. पोरांना प्रार्थनेला सावली हवी म्हणून शेड चाललं होतं. तात्या गेले आणि चार माणसांत ठेकेदाराला मोठ्यानं विचारलं, "टक्का किती ठेवलाय?" ठेकेदाराचा चेहरा उतरला. त्यानं तात्यांना हळूच बाजूला घेतलं आणि कळवळून म्हणाला, "तात्या, तुम्हीसुद्धा?"

शेवटी नेट ठरलं. पांढरं, ५० टक्के, गोल धाग्याचं, आतून सरकतं. बाहेरून लावावं अशी तात्यांची फार इच्छा होती, कारण ऊन आत शिरून तापल्यावर अडवण्यापेक्षा बाहेरच अडवलेलं बरं, आणि त्यात तथ्य आहे. पण फिटर पोरगा म्हणाला, "तात्या, वळवाच्या वाऱ्यात बाहेरचं नेट थेट लोणावळ्याला जाईल. आणि ढगाळ दिवशी ते काढणार कोण, तुम्ही?" तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा मुद्दा मान्य केला.

बसवायच्या दिवशी मी हजर होतो. तीन मीटर पन्ह्याच्या पट्ट्या जोडून शिवायच्या होत्या. तात्यांनी शिवणीचा दोरा तपासला. कापड टिकतं आणि दोरा उन्हानं आधी कुजतो, मग पट्ट्या काडीमोड घेतात, म्हणून दोराही यूव्हीचाच हवा. ते झाल्यावर ताण. नेट फार ताणलं तर भोकं मोठी होतात आणि टक्का पडतो, ढिलं सोडलं तर झोळ येतो. तात्या खाली उभे राहून ओरडत होते, "ओढ... ओढ... बास! बास म्हटलं ना! पाच टक्के गेले!" वर पोरं अनवाणी पायांनी पाइपांवर बसून पत्र्याच्या खोबणीत झिगझॅग स्प्रिंग दाबत होती. एक हात कापडाला, एक हात स्प्रिंगला, आणि तोंडात तात्यांना न ऐकू येणारी उत्तरं.

वारा सुटायच्या आत, सकाळी सकाळी हे काम उरकायचं असतं. तात्यांच्या तपासण्यांमुळे अकरा वाजले. बाजूचे पडदे वर होते. एक झोत आला, शेवटची न बांधलेली पट्टी फुगली, दारातून बाहेर पडली आणि बांध ओलांडून शेजारच्या गोठ्यावर जाऊन पसरली. आम्ही धावलो. खाली म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. शेजारी म्हणाला, "राहू द्या की तात्या, तिला मानवलंय." आम्ही कापड ओढायला घेतलं तर तात्यांनी हात वर करून थांबवलं, फोन काढला आणि म्हशीच्या पाठीवर धरला. मग मान हलवली. "तुमच्या म्हशीला पन्नास पुरायचं नाही. जनावराला पंच्याहत्तर लागतं."

पुढच्या बाजारी शेजाऱ्यानं पंच्याहत्तरचं आणलं. हिरवं. तात्या अजून त्या बाजूला बघत नाहीत.

आता रोजचा नेम असा: अकराला नेट ओढायचं, तीनला उघडायचं, ढग आले की मधेच उघडायचं, ढग गेले की परत ओढायचं. दोरी आणि कप्पीवर चालतं, दोन मिनिटांचं काम आहे, पण तात्या ते गड्याला करू देत नाहीत. परगावी गेले तर पावणेअकरापासून मामीला फोन. मृगाचा पाऊस लागला की नेट गुंडाळून कडेला बांधतात, आणि गुंडाळीत उंदरानं घर करू नये म्हणून आठवड्याला एकदा सोडून पुन्हा बांधतात. हे सगळं चेष्टेनं सांगतोय खरं, पण त्यांच्या फुलांचे दांडे सरळ असतात, रंग उडत नाही आणि मंडईतला व्यापारी त्यांच्या दहा फुलांच्या जुड्या मोजून घेत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कोथरूडच्या गच्चीवरचा कढीपत्ता करपायला लागला. फोनवर सहज म्हणालो, कुठलं नेट घेऊ? दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडून तात्या दारात. आठ वाजता गच्चीवर गेले. तासातासाला रीडिंग घेऊन जुन्या डायरीत लिहीत होते. जेवण वर मागवलं. पाच वाजता खाली आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुला नेट नको. शेजारची इमारतच पंच्याहत्तर टक्के आहे. कढीपत्त्याला पाणी घालत जा."

तेव्हा तुम्हाला नेट घ्यायचं असेल तर बेलाशक तात्यांकडे जा, पैसे घेत नाहीत. तळेगाव स्टेशनला उतरून टक्केवाले तात्या म्हणून विचारा, कुणीही सांगेल. फक्त अकराच्या आत जा किंवा तीननंतर, खिशात दुकानातला तुकडा ठेवा, आणि परतीच्या गाडीची वेळ त्यांना आधीच सांगून ठेवा.