कोटाची बढती

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याने अधिकाऱ्याचा हुद्दा लांबूनच कळावा अशी सोय केली होती. कोटाला बटणांची एक रांग आणि तीत नऊ बटणं असली, तर लेफ्टनंट किंवा कॅप्टन. दोन रांगा आणि प्रत्येकीत सात, तर मेजर ते कर्नल यांपैकी कुणीतरी. आठ-आठ, तीही जोडीजोडीने लावलेली, तर ब्रिगेडियर जनरल. नऊ-नऊ आणि तीन-तीनचे गट, तर मेजर जनरल. साध्या शिपायाच्या रोजच्या कोटाला एका रांगेत नुसती चार. तिसापर्यंत पाढे पाठ असलेल्या माणसाला हे अवघड जायचं काही कारण नव्हतं, आणि मला तिसापर्यंत पाढे पाठ आहेत.

पेनसिल्व्हेनियात आमच्या गावाजवळ एका जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं होतं. बायको पितळी पातेली बघत होती. मला एका खोक्यात कोट दिसला. गडद निळी लोकर, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि बटणांच्या दोन रांगा. दोन रांगा म्हणजे मेजरच्या खालचा माणूस नाही! मी घासाघीस न करता पैसे मोजले. विकणाऱ्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" तेव्हा मला वाटलं, बिचारीला आपण काय विकतोय ते ठाऊक नाही.

घरी येऊन बटणं मोजली. चार-चार. हा हुद्दा कुठल्याच कोष्टकात बसेना. बायको म्हणाली, "अहो, आठच असतील."

"प्रत्येक रांगेतली तीन-तीन पडली असणार," मी म्हणालो.

"मग त्यांची भोकं कुठायत?"

भोकं नव्हती. ती कुणीतरी फार सुबक रफू केली असावीत, असं मी ठरवलं.

दुसरी अडचण त्या आठ बटणांचीच होती. सैन्याच्या बटणावर गरुड हवा. यांच्यावर जी, ए आणि आर ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली होती. मी विचार केला आणि 'गॅरिसन' असा अर्थ लावला. छावणीतल्या शिंप्याने मूळ बटणं काढून ही स्वस्तातली लावली असणार. म्हणजे आता एकच काम उरलं होतं, कोटाला त्याची योग्य बटणं मिळवून द्यायची.

त्यासाठी अल्फियस अल्बर्ट यांचा अमेरिकन गणवेशांच्या बटणांवरचा ग्रंथ आणला. हौशी मंडळी त्यातल्या क्रमांकांवरूनच बटणांविषयी बोलतात. त्या काळच्या शिपायाच्या बटणावर गरुड असतो आणि गरुडाच्या छातीवर ढाल. अधिकाऱ्याच्या बटणावर त्याच ढालीत अक्षर येतं: आय म्हणजे पायदळ, ए म्हणजे तोफखाना, सी म्हणजे घोडदळ. इंजिनियर दलाच्या बटणावर किल्ला असतो. मी स्वतः इंजिनियर असल्याने किल्ल्याचा मोह झाला, पण भाव ऐकून तो ओसरला. शेवटी घोडदळ निवडलं. त्याला पुरावाही होता. नियमाप्रमाणे अधिकाऱ्याचा कोट मांडीवर बराच खालपर्यंत यायला हवा, माझा कमरेशीच संपत होता. खोगिरावर नीट बसता यावं म्हणून स्वाराने तो कापून घेतला असणार. हे मला इतकं पटलं की त्या रात्री झोप लागली नाही.

अभ्यासात मी कसूर केली नाही, हे नमूद करतो. बटणाची खरी ओळख मागच्या बाजूला असते. तिथे कारखान्याचं किंवा दुकानदाराचं नाव असतं, आणि त्या नावाच्या लेखनात दर काही वर्षांनी होणाऱ्या बदलांवरून काळ ठरवतात. कनेक्टिकटमधलं वॉटरबरी हे यातलं मोठं गाव; स्कोव्हिल तिथलीच आणि वॉटरबरी बटण कंपनीही तिथलीच. ही दुसरी आजही बटणं काढते, त्यामुळे नवं बटण जुनं म्हणून गळ्यात पडू शकतं. मी भिंगाखाली पाठी तपासूनच सी अक्षराची चौदा बटणं गोळा केली. चौदाही अस्सल. पैसे कुठून आणले हा प्रश्न बायकोने विचारला होता, त्याचं उत्तर अजून द्यायचं आहे.

मग खांद्यावरच्या पट्ट्या. घोडदळाची पिवळी, पायदळाची फिकी निळी, तोफखान्याची लाल. इथे अमेरिकन लष्कराचा एक तिरपागडेपणा आहे. मेजरचं पान सोनेरी आणि त्याच्या वरच्या लेफ्टनंट कर्नलचं रुपेरी. सेकंड लेफ्टनंटच्या पट्टीवर तर काहीच नाही. त्याला सोनेरी दांडी मिळायला १९१७ साल उजाडलं. मी कर्नलचा रुपेरी गरुड घेतला, एवढा खर्च झाल्यावर मेजरवर कशाला थांबायचं? घोडदळाच्या टोपीवरच्या फुलीसारख्या दोन तलवारीही घेतल्या. टोपी नव्हती.

बटणं काळवंडलेली होती. कर्नलच्या छातीवर शोभेनात, म्हणून मी ती चिंचेने घासली. दीडशे वर्षं टिकलेला सोन्याचा मुलामा आमच्या बेसिनमधून वाहून गेला. मग रांगेत सात-सात अशी शिवली. निळा दोरा संपला होता, तेव्हा आतून पांढराच वापरला. आतलं कोण बघतंय!

गेटिसबर्गजवळ जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरला होता. १८६३ च्या जुलैत तिथे तीन दिवस लढाई झाली, आणि तिच्या खुणांची खरेदी-विक्री तिथे आजही चालते. एका म्हाताऱ्या विक्रेत्यासमोर मी कोट पसरला आणि बाजूला उभा राहिलो. त्याने समोरून कोटाकडे पाहिलंच नाही. आधी बाही उलटी केली, अस्तर चाचपलं, शिवण पाहिली. मग खिशातून अतिनील दिवा काढला. नव्या दोऱ्यातली पांढरं करणारी रसायनं त्या उजेडात चमकतात. कोटाच्या आत निळसर उजेडाचे चौदा ठिपके लागले. त्याने एक बटण उलटं करून वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बटणं खरी आहेत. कोटही खरा आहे. फक्त यांची ओळख कुणी करून दिली?"

मी गॅरिसनचा सिद्धांत सांगितला. तो शांतपणे ऐकून घेतला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. जी. ए. आर. म्हणजे 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक', उत्तरेच्या बाजूने लढून घरी परतलेल्यांची संघटना. १८६६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटरला ती स्थापन झाली, १८९० च्या सुमारास सभासद चार लाखांवर गेले, आणि अल्बर्ट वूलसन हा शेवटचा सभासद १९५६ मध्ये वारल्यावर ती बंद पडली. ही म्हातारी मंडळी मिरवणुकीला आणि सोबत्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला असाच कोट घालून जात. आखूड, निळा, दोन रांगांचा. बटणं चार-चार.

म्हणजे मला मिळाला तेव्हा तो कोट बटणांसकट पूर्ण बरोबर होता. मी अस्सल बटणं, अस्सल अभ्यास आणि भरपूर पैसा ओतून त्याला बनावट केला. माझं आता ठाम मत आहे की कोट ओळखताना बटण शेवटी बघावं. कापड, अस्तर आणि शिवण बदलायला शिंपी लागतो, बटण बदलायला माझ्यासारखा कुणीही पुरतो. चौदाच्या चौदा अगदी बरोबर असली, तर आधी पाकीट खिशात ठेवावं.

"जुनी आठ जपून ठेवलीत ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "ती होय? मंडळाच्या गणपतीतल्या मुलांच्या नाटकाला दिली. अफझलखानाच्या डगल्याला लावली मी. छान दिसली हो."

पाच मंडळाच्या कपड्यांच्या पेटाऱ्यात सापडली. उरलेली तीन प्रतापगडाच्या पायथ्याशी, म्हणजे हायस्कूलच्या रंगमंचावर, झटापटीत तुटली असं कळतं. तेव्हा ज्या पालकांच्या मुलांनी मावळ्यांची कामं केली, त्यांनी कृपया घरातले खिसे तपासावेत. पितळी बटण, वर जी, ए, आर ही अक्षरं. आणून देणाऱ्याला प्रत्येकी एक घोडदळाचं अस्सल बटण मिळेल, चिंचेने लख्ख केलेलं.