ऑडिटर आजोबा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बंड्या नावाचा एक लॅब्रॅडोर राहतो, आणि त्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ऑडिटर आजोबा. आजोबांची उभी हयात बँकांची दप्तरं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून जरा खचलेच होते. तेवढ्यात मुलगा परदेशी जाताना बंड्याला ठेवून गेला. तेव्हापासून बंड्याचं तोंड हीच एक शाखा, आणि तिथे काय जमा होतं यावर आजोबांची नजर.

परवा दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा डब्यातलं काहीतरी बंड्यापुढे धरत होता. आजोबा मधे.

"काय आहे ते?"

"चीज, आजोबा."

"कुठलं?"

इथे भलेभले गारद होतात. आपल्याला चीज म्हटलं की क्यूब नाहीतर स्लाइस, तिसरं माहीत नसतं. आजोबांना सगळी माहीत. (स्वतः त्यांनी एकही चाखलेलं नाही, "वास येतो," म्हणतात.)

"मुरलेलं कडक असेल तर त्यात लॅक्टोज नावापुरतं उरतं. मऊ, ताज्यात ते शिल्लक असतं. कुत्रा मोठा झाला की ते पचवणारं विकर त्याच्या पोटात कमी होतं. मग रात्री दोनला त्याला घेऊन जिना कोण उतरणार? तू?"

"क्रीम चीज आहे."

"म्हणजे नुसती चरबी! स्वादुपिंडाला सूज आली म्हणजे? आणि हे हिरवं काय त्यात? लसूणपात? अरे, लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात!"

पोरगा डबा मिटून पळाला. "निळ्या बुरशीचं तर सोसायटीच्या फाटकातून आत आणू नकोस," आजोबा मागून ओरडले, "त्यातल्या विषाने झटके येतात!" निळ्या बुरशीचं चीज आमच्या सोसायटीत आजवर कोणी आणलेलं नाही. पण आक्षेप आगाऊ नोंदवलेला बरा.

मंजुरी आहे ती एकट्या पनीरला. साधं, बिनमिठाचं, निवळीबरोबर लॅक्टोज बरंचसं निघून गेलेलं. तेही बोटाच्या पेराएवढं, कारण वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसायला हवा. डेअरीवाला आजोबांना लांबून पाहूनच म्हणतो, "मीठ नाही हो घातलं!"

बंड्याची भूक हा मात्र त्यांचा हळवा विषय. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडोरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्याची भूक भागता भागत नाही. ही माहिती आम्हाला वार्षिक सभेत, पाण्याच्या टँकरचा खर्च चर्चेला असताना मिळाली. बंड्या त्या चारातला एक, हे आजोबांनी ठरवून टाकलं आहे. तपासणी केलेली नाही. पावतीशिवाय रुपया मान्य न करणाऱ्या माणसाने हे एकच प्रकरण निव्वळ विश्वासावर मंजूर केलं.

मध्यंतरी बंड्याच्या कानाला संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, गोळी चीजमध्ये दडपून द्या. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. "काही अँटिबायोटिक्स दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि अंगी लागत नाहीत. ही त्यातली का?" डॉक्टर ही त्यातली नाही म्हणाले, तर आजोबांनी ते कागदावर लिहून मागितलं. बाहेर सात कुत्रे आणि एक मांजर खोळंबलं होतं.

घरी आल्यावर पनीर मोजून, गोळी आत घालून, समारंभपूर्वक बंड्यापुढे धरण्यात आलं. बंड्याने पनीर खाल्लं आणि गोळी आजोबांच्या चपलेवर ठेवली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा १० टक्क्यांची मर्यादा आड आली.

आजी स्वयंपाकघरातून आल्या. भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबली, "घे रे," म्हणाल्या, आणि बंड्याने न चावता गिळली.

आजोबांनी संशयाने तो रिकामा हात पाहिला. "तूप लावलं होतंस?"

"ऑडिटला मार्चमध्ये या," म्हणाल्या आजी, आणि आत गेल्या. बंड्या त्यांच्या मागोमाग.