तेल गरम, काका गार

अमेरिकेतल्या मिनेसोटात मिनिआपोलिसहून डुलुथला सरळसोट महामार्ग आहे, ३५ नंबरचा. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. शहाणी माणसं जानेवारीत हा रस्ता धरतच नाहीत, आणि धरलाच तर उबदार मोटारीतून धरतात. पण पुतण्या म्हणाला, "काका, आमचा शेजारी तिकडेच निघालाय. त्याच्या ट्रकमधून जाता का? तळणीच्या तेलावर चालतो!" प्रवास फुकट, त्यातून तेलही फुकटचं. अशा दुहेरी योगाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. बाहेर उणे सव्वीस होतं, हे मी बूट घातल्यावर विचारलं.

शेजाऱ्याची हकिगत अशी. २००८ च्या जुलैत अमेरिकेत डिझेल गॅलनला पावणेपाच डॉलरला भिडलं. हा गृहस्थ पेटला. आपल्या जुन्या फोर्ड पिकअपला त्याने दुसरी टाकी बसवली, नळ्या ओढल्या, झडपा लावल्या आणि एका चायनीज हॉटेलच्या मागच्या दाराशी संधान बांधलं. सगळं जमून येईतो हिवाळा लागला आणि डिझेल जवळजवळ निम्म्यावर उतरलं. एवढी यातायात केलेल्या माणसासमोर भावाचा विषय काढायचा नसतो. मी काढला. "परत चढणार," तो म्हणाला. त्याच्या सुरात आशा होती.

निघण्याआधी त्याने गॅरेज दाखवलं. छताच्या हुकाला जीनच्या पॅन्टचा एक पाय टांगलेला, खाली गाठ मारलेली, आणि त्यातून सोनेरी तेल थेंब थेंब बादलीत गळत होतं. फ्राइज आणि स्प्रिंग रोलचा चुरा आत गुडघ्यापर्यंत साठला होता. पलीकडे भंगारातला विजेचा गीझर, त्यात तेल कोमट ठेवून तळाशी बसलेलं पाणी सोडायचं. मग परीक्षा: कढई चांगली तापवून त्यात चमचाभर तेल. तडतडलं तर पाणी राहिलंय. आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. तडतडलं नाही, तेव्हा तो खूश झाला. माझा हात मात्र सवयीने मोहरी शोधत होता.

आता थंडीत या तेलाचं काय होतं ते पुणेकरांना समजवायला नको. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी करून पाहणाऱ्या कुणालाही ते कळेल. खोबरेल चोविसाच्या खाली थिजतं. हॉटेलातलं तळणीचं तेल हायड्रोजन घालून घट्ट केलेलं असेल तर त्याचीही तीच गत. सोयाबीन-कॅनोलाचं साधं तेल थोडी थंडी सोसतं, पण उणे सव्वीसला तेही मान टाकतं. आणि नुसतं पातळ असून भागत नाही. चाळीस अंशांनाही हे तेल डिझेलच्या दहापट दाट. इंजिनात त्याचा बारीक फवारा उडायला हवा. तो न उडता धार लागली की अर्धवट जळतं आणि आत काजळीची पुटं चढतात. म्हणून ते सत्तर अंशांच्या वर तापवून द्यायचं. टाकी गरम, नळी गरम, गाळणी गरम, सगळं इंजिनच्या गरम पाण्यावर. पण ते पाणी तापायला आधी इंजिन चालायला हवं, आणि ते चालू करायला डिझेलच लागतं. म्हणून दोन टाक्या. शिवाय गोठणाऱ्या हवेत डिझेलमधलं मेणही गोठतं, तेव्हा त्यातही औषध. इंजिनला रात्रभर विजेची शेगडी, तिची वायर बॉनेटखालून बाहेर लोंबतेय. रेडिएटरला वारा लागू नये म्हणून पुढच्या जाळीला पुठ्ठा. इतकी बडदास्त आमच्याकडे पहिलटकरणीची ठेवतात.

पण बसल्यावर पाय गारच. हीटरचं बटण मी शेवटापर्यंत फिरवलं. आमच्या सारथ्याने घसा साफ केला. तेलाच्या टाकीकडे जाणारं गरम पाणी त्याने नेमकं केबिनच्या हीटरच्या नळीतूनच वळवलं होतं. आधी तेल, मग उरलं तर माणूस. "काका, एकदा तेल तापलं की तुमच्याकडेही येईल," तो म्हणाला. पुतण्याचं ऐकून तोही काका म्हणायला शिकला होता. पाहुण्याला गारठवताना नातं उपयोगी पडतं. पुढे काट्यांवर काटे. तेलाचं तापमान चढताना दिसत होतं, माझं मोजायला काटा नव्हता.

बराच रस्ता मागे पडल्यावर त्याने सोहळ्याने एक खटका दाबला. डिझेल बंद, तेल सुरू. इंजिनला काही कळलंसुद्धा नाही. मला कळलं, कारण खिडकी किंचित खाली करताच मागून भज्यांचा वास आला. उणे सव्वीसात, उपाशीपोटी, पुढे दीडशे किलोमीटर.

गरम चहा मी निघतानाच दोन पेले घेतला होता, त्याने आता आपलं काम केलं. म्हटलं, जरा थांबवता का? "अजून तीन मिनिटं!" तो दचकून ओरडला. गाडी बंद करण्याआधी नळ्यांतलं तेल डिझेलने धुऊन काढावं लागतं. राहिलं तर थिजतं आणि मग उन्हाळ्यापर्यंत वाट पाहा. इंजिन चालू ठेवून उतरणं त्याच्या काटकसरीत बसेना. तेव्हा या वाहनात शंका आधी जाहीर करावी लागते. वाटेत हिंक्लीला आम्ही धुऊन थांबलो, पुन्हा डिझेलवर निघालो, पुन्हा तापवलं. डुलुथच्या चढावरून खाली सुपीरिअर सरोवर दिसू लागलं तोच हा खटका परत डिझेलवर. फुकटच्या तेलावर आम्ही किती धावलो ते मी सौजन्यापोटी विचारलं नाही.

वनस्पती तेलाची ही कल्पना तशी जुनीच. ज्याच्या नावाचं हे इंजिन त्या रुडॉल्फ डिझेलच्या म्हणण्याप्रमाणे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओट्टो कंपनीने एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं, आणि फारसं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ते प्रदर्शन एप्रिलात उघडलं आणि नोव्हेंबरच्या मध्याला गुंडाळलं. मिनेसोटात जानेवारीत भरवलं असतं तर सगळ्यांच्याच ध्यानात आलं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यालाही मंजुरीवाचून केलेले असे बदल चालत नाहीत, पण डिझेलच्या भावाचा विषय काढला तसा हा विषय मी सारथ्यापुढे काढला नाही.

मिनेसोटात आता डिझेलमध्ये रसायनाने पातळ केलेलं वनस्पती तेल कायद्यानेच मिसळतात. उन्हाळ्यात वीस टक्के, हिवाळ्यात पाच. सरकारला जे कळलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. अशा ट्रकमधून कुणी डुलुथला नेतो म्हणालं तर जरूर जा, सरोवर पाहण्यासारखं आहे; फक्त जुलैत जा, आणि घरून जेवून निघा.