पंप सोडून सगळे

जुनी गाडी बंद पडली की तिची चौकशी ठरलेल्या क्रमाने होते. पहिला संशय बॅटरीवर, मग प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पेट्रोल पंपाचं नाव कोणी घेत नाही. तो इंजिनाला चिकटून तेलकट तोंडाने आयुष्यभर राबत असतो. गेल्याशिवाय होता हे कळत नाही.

आमच्या अण्णांची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. कागदावर प्रीमियर, घरात सगळ्यांच्या तोंडी ‘फियाट’च. ती स्वारगेटजवळ भर उन्हात थांबली, तेव्हा एका काकांनी बॉनेटमध्ये डोकं घालून ‘कचरा आलाय’ असा निकाल दिला. कुठे, ते सांगण्याआधी त्यांची बस आली. दुसरे म्हणाले, ‘पंपावर ओलं फडकं टाका.’ हा सल्ला अगदीच वाया नव्हता. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना इंजिनाच्या धगीने पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि वाफ काही पंपाला ओढता यायची नाही. त्यामुळे तेव्हा डिकीत स्टेपनीइतकाच मान पंचाला असे. आम्ही पंचा टाकला. पंप गार झाला, गाडी ढिम्म.

मेस्त्री आले. त्यांनी डिपस्टिक उपसली, ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. ‘पेट्रोल ऑइलात उतरलंय. डायफ्रॅम फाटला.’ मग कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. पिचकारी उडायला हवी होती. नळीने जेमतेम दोन थेंब गाळले.

तसा हा पंप साधा. एक रबरी पडदा, दोन झडपा, एक स्प्रिंग. कॅमशाफ्टच्या रेट्याने पडदा खेचला जातो नि टाकीतलं पेट्रोल ओढतो. स्प्रिंग त्याला परत ढकलते, की ते कार्बोरेटरकडे जातं. वायर नाही, सेन्सर नाही. पण ते रबर जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने केलेलं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ‘म्हातारपणी उसाची पाजलीत, आतडी कशी टिकणार?’ मेस्त्री म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच साखर कारखान्याचा चेअरमन!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा स्पेअर पार्टचा धंदाही त्यांच्याबरोबर आटला. नाना पेठेत ‘फियाटचा पंप’ म्हटल्यावर दुकानदाराने आधी चहा मागवला, मग पोऱ्याला माळ्यावर चढवलं. धूळ झटकून खोका पुढे आला.

‘ओरिजिनल आहे ना?’ अण्णांनी विचारलं.

‘खोका ओरिजिनल आहे,’ दुकानदार म्हणाला.

पंप दोनच नटांवर बसतो. एक नट सगळ्यांना दिसतो. दुसऱ्यापर्यंत हात जातो तिथे पान्हा जात नाही, आणि पान्हा गेलाच तर फिरत नाही. शिवाय पॅकिंगची भानगड. जाड बसलं तर पंपाचा दांडा कॅमपर्यंत नीट पोचत नाही, पातळ बसलं तर नको तेवढा रेटला जातो. या जाडीवरून अण्णा आणि मेस्त्री यांच्यात जी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नात देण्याघेण्यावरूनही झाली नव्हती.

ऑइल बदललं, सेल्फ मारला, गाडी खोकून सुरू झाली. मी जुना पंप भंगारात टाकायला उचलला, तर मेस्त्री ओरडले, ‘अहो, टाकताय काय! किट मिळालं की यात डायफ्रॅम घालू आणि हाच परत बसवू.’

‘आणि हा नवा?’

‘चालेल की तोवर!’