हवामानबदल मोडीत काढा : घरबसल्या, चार पायऱ्यांत

(नवशिक्यांसाठी. पूर्वज्ञानाची अट नाही. असल्यास बाजूला ठेवून यावं.)

साहित्य : एक मोबाइल, नातेवाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, जेवणानंतरचा रिकामा वेळ आणि ‘मी विज्ञानाच्या विरोधात नाही, पण...’ हे वाक्य. ते तोंडपाठ करावं.

पायरी १ : सुरुवात खऱ्यापासून करा

निव्वळ थाप फार दिवस टिकत नाही. त्यासाठी दर पावसाळ्यात फिरणारा ॲफेलियनचा मेसेज अभ्यासावा. उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, अंतर ९ कोटी किलोमीटरवरून १५ कोटी २० लाखांवर, म्हणजे ६६ टक्के जास्त, ऑगस्टपर्यंत गारठा, सर्दी, अंगदुखी, काळजी घ्या.

आता यातली कारागिरी बघा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी खरंच सूर्यापासून सर्वांत लांब असते; त्यालाच ॲफेलियन म्हणतात. १५ कोटी २० लाख हा आकडाही बरोबर. बदललाय तो फक्त ९ कोटींचा. जानेवारीत, अगदी जवळ असतानाही अंतर १४ कोटी ७० लाखांच्या आसपास असतं. फरक जेमतेम ३ टक्के, तोही दरवर्षीचाच. पण पहाटेची नेमकी वेळ दिल्यावर अंतर मोजायला कोण बसतंय? शेवटचं ‘काळजी घ्या’ मात्र गाळू नये. आपुलकीनं पाठवलेल्या मेसेजला खोटं म्हणणारा माणूसच मग आगाऊ ठरतो. शिवाय हवेत काहीही बिघडलं की ते ग्रहगोलांच्या नावावर घालायची सवय लागते. कोळसा आणि तेलाचा विषयच निघत नाही.

पायरी २ : आपलं अंगण तेच जग

या पायरीचे आद्य गुरू ओक्लाहोमाचे तत्कालीन सिनेटर जेम्स इनहोफ. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते अमेरिकी सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आले आणि बाहेर किती थंडी आहे ते सांगून त्यांनी तो सभागृहात फेकला. तेच वर्ष पुढे जगातलं तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. पण वार्षिक सरासरी काही फेकून दाखवता येत नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून खट्टू होऊ नये. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो मिळवावा आणि खाली लिहावं, ‘कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?’ एप्रिलमध्ये विदर्भ भाजून निघत असताना मोबाइल चार्जिंगला लावून झोपावं.

पायरी ३ : आलेख कापायला शिका

आलेखाची सुरुवात १९९८पासून करावी. त्या वर्षी एल निनोचा जोर होता, त्यामुळे जगाचं तापमान एकदम वर गेलं होतं. तिथून २०१२पर्यंत रेघ ओढली की ती बरीच सपाट दिसते. थांबावं तिथेच. पुढे गेलात तर पंचाईत आहे : २०२४पर्यंतच्या नोंदींतली सर्वांत उष्ण दहा वर्षं २०१५ ते २०२४ हीच होती.

पायरी ४ : त्यांची चूक जपून ठेवा

हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं ‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २००७च्या अहवालात छापून आलं होतं. त्याला पुरेसा आधार नव्हता, आणि जानेवारी २०१०मध्ये त्या संस्थेनंच तसं कबूल केलं. हे हत्यार कधी गंजत नाही. हजारो पानांत एक विधान चुकलं, म्हणजे सगळी रद्दी! हिमनद्या अजूनही आटताहेत, हे सांगण्याचं कारण नाही. आपली चूक मात्र कधीही मान्य करू नये. चुका सुधारत बसणं हा शास्त्रज्ञांचा उद्योग.

सावधान

भाची चिडून ‘मामा, काहीही पाठवू नका’ म्हणाली तर खूश व्हा. भांडण पेटतं, मेसेज पुन्हा वर येतो, न वाचलेलेही वाचतात.

ती शांतपणे लिहू लागली तर मात्र जपा. ‘मामा, पृथ्वी जानेवारीतही सूर्यापासून १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर असते. मेसेजमध्ये त्याचे ९ कोटी केलेत, म्हणून फरक एवढा मोठा दिसतो. खरा फरक तीनच टक्के. बाकी, गुडघा कसा आहे?’ आधी खरं, मग लबाडी नेमकी कुठे झाली ते, शेवटी पुन्हा खरं. वर गुडघ्याची चौकशी. या पोरीशी भांडताही येत नाही. आणि लबाडीची जागा एकदा दिसली, की मावशी-आत्या पुढचा मेसेज आपणहून ओळखायला लागतात. अशा सदस्याला वेळीच ग्रुपबाहेर काढावं.

स्वाध्याय

१. ‘आमच्या लहानपणीही उन्हाळा असायचाच’ एवढ्या एका वाक्यात दीडशे वर्षांच्या नोंदी खोडून काढा. (५ गुण)

२. ‘तापमान वाढतच नाही’ आणि ‘वाढतंय, पण सूर्यामुळे’ ही दोन्ही विधानं एकाच मेसेजमध्ये बसवा. (१० गुण)

उत्तरं तपासायची नाहीत. पुढे पाठवायची.