फक्त शाळेच्या दिवशी

गडहिंग्लजच्या स्टँडवर सकाळी साडेआठच्या सुमारास "आजऱ्याकडची शाळेची गाडी कुठली हो?" असं विचारलंत, तर गाडीकडे कुणी बोट दाखवणार नाही. माझ्याकडे दाखवतील. "ते सर दिसत्यात न्हवं? ते चढले की तुमी बी चढा." चौदा वर्षं मी या गाडीने अप-डाऊन करतोय. शाळेत मी गणिताचा शिक्षक आहे. या मार्गावर मात्र माझी नेमणूक पाटी म्हणून झालेली आहे.

गाडी शाळेच्या दिवशी तेवढी धावते. रविवारी नाही, दिवाळीत नाही, मे महिन्यात तर विचारूच नका. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की ज्या वाड्या लागतात, त्यांना दुसरी सोय म्हणजे वडापची जीप. आणि वडाप भरल्याशिवाय हलत नाही. भरलं तरी आणखी दोघं बसेपर्यंत हलत नाही. त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की दवाखाना, बँक, तालुक्याचं कोर्ट, चक्कीचा पट्टा बदलून आणणं, सगळ्यांनाच सुट्टी लागते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजीने मला गाडीत विचारलं, "सर, सहामाही कवा संपतीया?" मी गहिवरलो. या वयात शिक्षणाची केवढी ही आस्था! नातू कितवीत आहे, म्हणून विचारलं.

"नातू मुंबैला हाय. माझ्या डोळ्याचं आपरेशन हाय. तुमची परीक्षा संपायच्या आत पट्टी सुटाय पायजे. सुट्टी लागल्यावर मी डाक्टरकडं काय चालत जाऊ?"

तेव्हापासून मी तारखा जपून सांगतो. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एक सुट्टी असते. ती कधी द्यायची यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर दोन मिनिटं चर्चा होते. एकदा आम्ही ती अशीच एका सोमवारी देऊन टाकली. मंगळवारी गाडीत चढलो तर कुणी बोलेना. आदल्या दिवशी एकाची दाढ काढायची राहिली होती, दोघांची पीककर्जाची कागदं राहिली होती आणि एका घरी मुलगी बघायला येणारे पाहुणे फाट्यावरूनच परत गेले होते. ते स्थळ पुढे बारगळलं. मुलीचे वडील अजून मला लांबून हात जोडतात. तो नमस्कार आभाराचा की वैतागाचा, हे चौदा वर्षं गणित शिकवूनही मला सुटलेलं नाही.

तिकीट हा या गाडीतला सगळ्यात रंगतदार विषय. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. एकदा माझ्या आठवीच्या वर्गातला एक मिसरूड फुटलेला विद्यार्थी आईबरोबर बाजाराला निघाला होता. पास घरी राहिलेला. आई म्हणाली, "हाफ द्या. बारा पुरी न्हाईत अजून." कंडक्टरने त्या मिशीकडे पाहिलं, मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं मला विचारलं, "सर, तुमच्याच वर्गात न्हवं ह्यो?" आई माझ्याकडे बघायला लागली. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हणालो, "माझा विषय गणित. जन्मतारखा क्लार्ककडे असतात."

पूर्वी गाडीत माणसांची वयं अशी कमी व्हायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि वयं एकदम वाढायला लागली. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. आमच्या गाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्मही १ जूनचाच आहे. त्यांच्या आईबापांना तारीख आठवत नव्हती, म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावून दिली. एका आजोबांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची जन्मतारीख सालासकट एकच आहे. भावाला फुकट प्रवास लागू झाला त्याच दिवशी यांनाही झाला. पण त्यांचं म्हणणं वेगळंच. "गुर्जीनं दोघांची बी वर्सं खाल्ली. तेवढी वर्सं आमी उगंच तिकीट काढलं." हे ते दर सोमवारी मला सुनावतात. ते गुरुजी कधीच वारले. त्या खात्यातला हयात माणूस गाडीत मीच.

पुढे १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहेच. मुलग्यांना पासावर ६६.६७ टक्के सवलत. दोन-तृतीयांश म्हणजे काय हे मी फळ्यावर आठ दिवस समजावतो, ते पास काढायच्या खिडकीवर पोरांना एका मिनिटात कळतं. परवा एक शेतकरी घरच्या सगळ्यांना घेऊन चढले. आई शून्य, बायको अर्धी, पोरगी पास. मग स्वतःचं तिकीट हातात धरून त्यांनी गाडीभर नजर फिरवली, म्हाताऱ्यांवरून, आयाबायांवरून, दप्तरांवरून, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "सर, आख्ख्या गाडीत फुल्ल तिकीट तुमी आन् मी." त्या दिवशी आमची सोयरीक जुळल्यासारखं झालं. अजून ते मला जागा धरतात. खिडकीतून टॉवेल टाकून.

गृहपाठ गाडीतच होतो, हे मला माहीत आहे हे मुलांना माहीत आहे. फाट्यापर्यंतचा रस्ता बरा आहे. आत वळल्यावर एक मोरी लागते. त्या मोरीवर गाडी एकदा वर जाते, थांबते असं वाटतं आणि मग खाली येते. एकदा काटकोन त्रिकोण काढून आणायला सांगितले होते. सतरा वह्यांत कर्णाला बरोबर मधोमध एक उंट होता. सतराही जणांनी कर्ण त्याच मोरीवर काढला होता. एका वहीत तेवढी रेघ सरळ. ती वही घरी लिहिलेली, म्हणजे बाकीच्यांनी उतरवली ती हीच. मी त्या मुलीला उभं केलं आणि म्हटलं, "तू दाखवलीस ना सगळ्यांना?" आमच्याकडच्या मुलींच्या रिवाजाप्रमाणे ती पुल्लिंगात म्हणाली, "मी दाखवलो न्हाई सर. मी झोपलो होतो. दप्तर उघडं होतं."

संध्याकाळची फेरी डब्यांची. कॉलेजसाठी गडहिंग्लजला खोली घेऊन राहिलेल्या पोरांचं रात्रीचं जेवण गावाकडून याच गाडीने जातं. कापडी पिशव्या, त्यांवर मार्करने नाव, कुणाकुणाच्या गाठीला ओळखीची चिंधी. इंजिनाच्या बॉनेटशेजारी त्या ओळीने मांडल्या की गाडीभर ठेच्याचा आणि आजऱ्याच्या घनसाळ भाताचा वास सुटतो, आणि दुपारी दीडला जेवलेला मी एकदम उपाशी होतो. काही आया पिशवी माझ्याच हातात देतात. "सर, पोराचा तेवढा." नाही कसं म्हणणार? स्टँडवर पोरं मला घेरतात आणि मी हजेरी घेतल्यासारखा डबे वाटतो.

गेल्या पावसाळ्यात वाटण्यात चूक झाली. माझी रिकाम्या डब्याची पिशवी एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेली आणि त्याची घेऊन मी घरी आलो. स्वयंपाकघरात ओट्यावर डबा उघडला. तीन भाकऱ्या, वरण्याची उसळ, भात, आणि चटणीच्या प्लास्टिकच्या पिशवीला गुंडाळलेली पन्नासची नोट. सोबत चिठ्ठी. बायको माझ्या आधी पोचली आणि तिने ती मोठ्यानं वाचली : "पन्नास ठेवल्यात. खावा. कुणाला सांगू नका."

"कोण हो ही?" तिने विचारलं.

मी एक भाकरी संपवत आणली होती, त्यामुळे लगेच बोलता येईना, आणि तेच चुकलं. त्यानंतरची वीस मिनिटं मी वगळतो.

सुटका दारावरच्या थापेने झाली. तो मुलगा भिजून उभा होता. एका हातात माझा रिकामा डबा, दुसऱ्या हातात अर्धा किलो शेंगदाणे आणि हिंगाची डबी. माझ्या पिशवीत बायकोने सकाळी चिठ्ठी टाकली होती, "येताना शेंगदाणे, हिंग", जी मी पाहिलीच नव्हती. त्याला वाटलं, सरांनी काम सांगितलंय. कधी नव्हे ते एका विद्यार्थ्याने माझं ऐकलं होतं. मी नोट आणि डबा त्याच्या हातात दिला. त्याने भाकऱ्या मोजल्या. दोन भरल्या. तो काही बोलला नाही, पण घरी फोनवर बोलला असणार.

कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई थांब्यावर दोन पिशव्या घेऊन उभी होती. "सर, ह्यो पोराचा. आन् ह्यो तुमचा. म्हंजे चुकायचं न्हाई." माझ्या पिशवीवर मार्करने ठळक लिहिलं होतं : सर.

घरी गेल्यावर मी आधी चटणीची पुडी उघडून पाहिली. नोट नव्हती.